गाडीत रेडिओ रिसीव्हर ठेवता येतो की नाही, हे एकदा लेखी सांगा

प्रति,
मा. वायरलेस सल्लागार, दूरसंचार विभाग, नवी दिल्ली
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

मी आपल्याच विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हौशी रेडिओचालक आहे. आमच्या बोलण्यात त्याला हॅम म्हणतात. हे पत्र एकाच प्रश्नासाठी आहे. प्रवासात माणसाने गाडीत रेडिओ रिसीव्हर, म्हणजे बाजारात ज्याला स्कॅनर म्हणतात तो, बाळगला तर तो गुन्हा आहे का? असेल तर कोणत्या कलमाखाली? आणि नसेल, तर नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला ते कुणी सांगायचे?

हा प्रश्न मी वकिलांना विचारला, जुन्याजाणत्या हॅम मंडळींना विचारला, ओळखीच्या पोलिसांनाही विचारला. कुणी म्हणाले, बिनधास्त ठेवा. कुणी म्हणाले, डिकीत सुद्धा ठेवू नका. छापील कागद मात्र कुणीच दाखवू शकले नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर, थेट आपल्याला विचारतो आहे.

स्कॅनर हे काही गूढ यंत्र नाही. गाडीतला एफएम रेडिओ 88 ते 108 मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा ऐकतो. स्कॅनर त्याच्या खालचे-वरचे पट्टेही एकामागून एक चाळतो आणि जिथे बोलणे चालू असेल तिथे थांबतो. विमाने 118 ते 137 मेगाहर्ट्झवर बोलतात. समुद्रात अडचणीत आलेली बोट 156.8 वर हाक देते. आम्ही हॅम 144 ते 146 वर भेटतो. पूर्वी असा रिसीव्हर कुणी परदेशातून आणला तरच पाहायला मिळायचा. 2012 च्या सुमारास टीव्हीसाठी बनवलेल्या एका स्वस्त यूएसबी डोंगलमध्ये हीच करामत दडलेली आहे, हे हौशी लोकांच्या लक्षात आले आणि सगळेच बदलले. आज अंगठ्याएवढे डोंगल, हातभर तार आणि मोबाइल एवढ्यात स्कॅनर तयार होतो. इंजिनिअरिंगची मुले कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हेच वापरतात. विमान कुठवर आले हे मोबाइलच्या नकाशावर बघण्याची सवय आता घरोघरी आहे. तो नकाशाही बऱ्याच अंशी अशाच रिसीव्हरांवर चालतो. विमाने 1090 मेगाहर्ट्झवर आपले स्थान सतत सांगत असतात आणि गावोगावचे हौशी लोक आपल्या गच्चीवरून ते टिपून पुरवतात.

या डोंगलमध्ये प्रक्षेपणाची सोयच नसते. त्याने कुणाचे बोलणे तोडता येत नाही, कुणाच्या चॅनलवर घुसता येत नाही. पुढचे सगळे म्हणणे या एका फरकावर उभे आहे.

आता रस्त्यावर काय होते ते सांगतो. आमच्या गटातल्या एका विद्यार्थ्याबरोबर मी घाटमाथ्यावर निघालो होतो. उंचावरून किती लांबच्या रिपीटरला, म्हणजे आमचे संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्राला, पोहोचता येते ते बघायचे होते. एका जिल्ह्याच्या हद्दीवर नाकाबंदी लागली. रात्रीची वेळ. हवालदारांनी डिकी उघडायला सांगितली आणि टॉर्चच्या उजेडात एकेक वस्तू बाहेर काढली: पत्र्याला चिकटणारा चुंबकी बुडाचा अँटेना, गुंडाळलेली काळी केबल, बॅटरी, माझा हातातला रेडिओ हॅण्डसेट आणि त्या मुलाचा डोंगल लावलेला लॅपटॉप. पहिलाच प्रश्न आला, "आमचं बोलणं ऐकता का?" मी परवाना पुढे केला. त्यांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, फोनवर वरिष्ठांना वाचून दाखवला. परवाना सगळा इंग्रजीत, त्यात ग्रेड, कॉल साइन, फ्रिक्वेन्सीचे पट्टे. पलीकडच्या साहेबांनाही त्यावरून काही ठरवता येईना. शेवटी "चौकशी होईपर्यंत राहू द्या" म्हणत हॅण्डसेट, लॅपटॉप आणि अँटेना ठेवून घेतले. प्लास्टिकची पिशवी, सुतळी, लाखेचे सील, त्यावर आमच्या सह्या. विद्यार्थी घाबरून गप्प झाला होता. वडिलांना कळू द्यायचे की नाही, एवढेच तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता.

त्या हवालदारांबद्दल माझी तक्रार नाही. ते सभ्यपणे वागले, आम्हाला चहा दिला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हात आखडताच घेतला असता, कारण वस्तू सोडून दिली आणि उद्या काही निघाले तर खुलासा त्यांनाच द्यावा लागणार. ज्याच्या हातात कागद नाही तो जप्तीच करणार. वस्तू पुढे परत मिळाल्या. अँटेना मिळाला नाही. त्या मुलाने मात्र परीक्षेचा अर्ज भरायचा विचारच सोडून दिला, आणि मला खरे दुःख त्याचे आहे.

आता कायद्याकडे वळतो. 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय कोणतेही बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास बंदी घातली. साठी ओलांडलेल्यांना पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन भरल्याचे आठवत असेल. ऐंशीच्या दशकात ते बंद झाले, पण ती सूट आकाशवाणी ऐकणाऱ्या साध्या रेडिओपुरती होती. तरीही त्या जुन्या कायद्यात एक शहाणपण होते. विनापरवाना नुसता रिसीव्हर सापडला तर पहिल्या वेळी दंड 100 रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी 250 पर्यंत. प्रक्षेपक सापडला तर मात्र तीन वर्षांपर्यंत कैद. ऐकणारा आणि बोलणारा यांना त्या कायद्याने वेगवेगळ्या पारड्यांत तोलले होते.

2023 चा दूरसंचार कायदा 1885 चा भारतीय तार कायदा आणि 1933 चा हा कायदा, या दोन्हींची जागा घेण्यासाठी आला. त्यात दूरसंचाराच्या व्याख्येतच प्रक्षेपणाबरोबर ग्रहणही धरले आहे, आणि रेडिओ उपकरण म्हणजे रेडिओलहरींनी दूरसंचार करणारे किंवा करू शकणारे कोणतेही उपकरण. म्हणजे माझा पाच वॅटचा हॅण्डसेट आणि त्या मुलाचे मुके डोंगल आता एकाच नावाखाली आले. कलम 3 नुसार असे उपकरण बाळगायला परवानगी लागते. त्याच कलमात लोकहितासाठी सूट देण्याचा अधिकारही केंद्र सरकारला आहे, आणि माझी आशा त्या अधिकारावर आहे.

अडचण अंमलबजावणीच्या क्रमाची आहे. 26 जून 2024 रोजी या कायद्याची जी कलमे लागू झाली, त्यांत गुन्ह्यांचे कलम 42 आणि झडतीचे कलम 43 होते. बाळगण्याच्या परवानगीचे कलम 3 त्या यादीत नव्हते. शिक्षा पुढे धावली, परवानगी मागे राहिली. कलम 42 मध्ये बेकायदा संदेश अडवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. फोन टॅप करणाऱ्याला ही शिक्षा व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण विमानतळाजवळच्या गच्चीवरून वैमानिकाचे उघडे, कोणत्याही सांकेतिक कुलपाशिवायचे बोलणे कानावर पडणे म्हणजे संदेश अडवणे होते का? व्याख्यांच्या कलमात याचे उत्तर सापडत नाही. कलम 43 मध्ये इमारतीबरोबर वाहनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. पण झडती घ्यायची ती केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने. नाक्यावरचे हवालदार तो अधिकारी नव्हेत. ते संशयित वस्तू ताब्यात घेतात ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 नुसार, आणि तिथे त्यांना फक्त संशय पुरेसा असतो. गाडीतला अँटेना पाहून संशय येणारच. म्हणून संशय कधी घ्यायचा नाही, हे त्यांना लिहून देणे आपले काम आहे.

सुरक्षेची चिंता मला कळते. 26/11 मुंबईने सोसले आहे, आणि त्यानंतर आलेल्या निर्बंधांना विरोध करण्याचे माझ्या मनातही येत नाही. पोलिसांची गाडी कुठे निघाली हे वाळूच्या डंपरवाल्याला आधीच कळावे, असे कुणाला वाटेल? पण ते थांबवण्याचा खरा मार्ग म्हणजे पोलिसांचे बोलणे डिजिटल आणि सांकेतिक करणे. तसे झाले की कोणताही स्कॅनर आणला तरी त्यातून खरखरीशिवाय काही निघत नाही. जिथे अजून जुन्या ॲनालॉग सेटवर काम चालते तिथल्या पोलिसांना नवे सेट आधी द्या, एवढी विनंती. लोकांच्या डिक्या तपासून ती उणीव भरून निघणार नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे आणि आपण त्यावर उशिरा का होईना हात घातला, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. काही हजारांत मिळणारे चिनी हॅण्डसेट 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत कुठेही प्रक्षेपण करू शकतात. चुकीच्या ठिकाणी बटण दाबून धरले तर रुग्णवाहिकेचे, अग्निशमन दलाचे बोलणे दाबले जाते. खेळणे म्हणून हे सेट लग्नाच्या कार्यालयात, ट्रेकिंगला, बांधकामावर सर्रास वापरले जात होते. विनापरवाना वापरासाठी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा 2018 पासून मोकळा आहे, हे विकणाराही सांगत नव्हता आणि घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ते योग्यच झाले. मात्र त्या वातावरणात वॉकीटॉकी, हॅमचा परवानाधारक सेट आणि नुसता ऐकणारा रिसीव्हर यांची सरमिसळ झाली. दुकानदार आता अँटेनाची केबल द्यायलाही कचरतात.

डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका महिला धावपटूला उपग्रह संदेशयंत्र जवळ बाळगल्याबद्दल ताब्यात घेतले गेले. डोंगरात हरवू नये म्हणून जगभरचे ट्रेकर जे वापरतात तेच यंत्र ते. आपल्याकडे त्यावर बंदी आहे, त्यामुळे कारवाई झाली. पण त्यानंतर लगेच जानेवारीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना सांगितले की प्रवाशांना याची आगाऊ कल्पना द्या. नियम कडक आहे आणि तो निदान लोकांना सांगितला तरी जातो. आम्ही त्याहून जास्त काही मागत नाही.

इतर देशांनी या गाठी कशा सोडवल्या तेही पाहण्यासारखे आहे, कारण गाडीतल्या स्कॅनरचा वाद अमेरिकेत अनेक दशके चालला. न्यूयॉर्कच्या वाहन कायद्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी ऐकू शकणारा सेट गाडीत बसवायला बंदी आहे, पण परवानाधारक हॅमला त्यातून सूट आहे. फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा या राज्यांनीही आपापली बंधने घातली. मग अडचण अशी झाली की हॅमचा प्रत्येक आधुनिक सेट आपल्या पट्ट्याबाहेरचेही थोडेफार ऐकू शकतो, आणि राज्याची सीमा ओलांडली की सज्जन माणूस गुन्हेगार ठरू लागला. 1993 मध्ये तिथल्या केंद्रीय संचार आयोगाने स्पष्ट आदेश दिला की नुसते बाहेरचे ऐकू येते या कारणावरून परवानाधारक हॅमला गाडीत सेट ठेवण्यास राज्यांना मनाई करता येणार नाही. कॅलिफोर्नियाची वाट मला सर्वांत पटते. पोलिसांचे बोलणे ऐकून त्याचा उपयोग गुन्ह्याला मदत म्हणून केला, तर तो स्वतंत्र गुन्हा. ब्रिटनचा 2006 चा कायदा बराच कडक आहे. आपल्यासाठी नसलेल्या संदेशाचा मजकूर जाणून घेण्याच्या हेतूने यंत्र वापरणे तिथे गुन्हा आहे. तरी तिथेही कायदा हेतूवर बोट ठेवतो, डिकीतल्या डब्यावर नाही.

आपल्या देशातही या विचाराला आधार आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाच्या खटल्यात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती प. बा. सावंत आपल्या महाराष्ट्राचेच. त्याच निकालाने हेही सांगितले की या लहरींवर सार्वजनिक नियंत्रण हवे आणि ते लोकांच्या भल्यासाठी हवे. मला दोन्ही गोष्टी मान्य आहेत.

लोकांचे भले म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले तेव्हा वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि गावातला माणूस कुठल्या मजल्यावर आहे हे मुंबईतल्या नातलगांना कळेना. त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. अशा वेळी बॅटरीवर चालणारा रेडिओ शाबूत राहतो. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा सरकारी परवानगीने गेलेले हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होते आणि बेटांवरची खबर मुख्य भूमीला त्यांच्या सेटवरून मिळत राहिली. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्याच इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना बजावले की फोनमधला एफएम रिसीव्हर बंद करू नका, आपत्तीत तो जीव वाचवतो. मग एफएमच्या पट्ट्यापलीकडचे ऐकणारा रिसीव्हर गाडीत ठेवून पूरग्रस्त भागात निघालेल्या स्वयंसेवकाने नाक्यानाक्यावर खुलासे का द्यावेत? महामार्गावर त्याला अडवून ठेवले तर तेवढा वेळ पुरात अडकलेल्यांचा जातो.

म्हणून माझे मागणे असे आहे. वायरलेस सल्लागारांनी एक पानाचे परिपत्रक काढावे, मराठीतही काढावे, आणि महासंचालकांनी ते प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि नाकाबंदीच्या पथकाकडे पोहोचवावे. त्यात पहिल्या ओळीत ऐकणारे यंत्र आणि प्रक्षेपण करणारे यंत्र यांतला फरक, शेजारी शेजारी छायाचित्रांसह. नुसत्या रिसीव्हरला, मग तो घरी असो की गाडीत, कलम 3 खालची सूट. परवानाधारक हॅमला त्याच्या सेटसह प्रवास करण्याची स्पष्ट मुभा, अमेरिकेच्या 1993 च्या आदेशासारखी. परवान्यावर क्यूआर कोड, म्हणजे हवालदारांना जागच्या जागी खातरजमा करता येईल आणि रात्री साहेबांना फोन लावावा लागणार नाही. संशय आलाच तर यंत्राचे आणि परवान्याचे फोटो घेऊन नोंद करावी. जप्ती केलीच तर तांत्रिक अभिप्रायासाठी ते आपल्या मॉनिटरिंग केंद्राकडे जावे आणि तो अभिप्राय किती दिवसांत यायचा ते ठरलेले असावे. मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सेटची बॅटरी फुगते आणि यंत्र निकामी होते. निर्दोष ठरलेल्या माणसाला मग मोडका डबाच परत मिळतो.

आणि जो माणूस ऐकलेल्या गोष्टीचा गैरवापर करील, पोलिसांची हालचाल कुणाला कळवील, रुग्णवाहिकेवरचे बोलणे रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर फिरवील, त्याच्यावर जरूर गुन्हा दाखल करा. त्यात तो हॅम असेल तर परवानाही रद्द करा. जखमी माणसाचे नाव-गाव गावभर करणाऱ्याला आमच्या छंदात जागा नाही, आणि असा कुणी आढळला तर आपल्याला कळवणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

पोलिसांच्या प्रशिक्षणात एक तास द्या. कोणता अँटेना कशाचा, कोणता सेट फक्त ऐकतो आणि कोणता बोलतो, हे हातात घेऊन पाहिले की लगेच कळते. त्यासाठी आमच्यातले परवानाधारक आपापली यंत्रे घेऊन जिल्ह्याच्या मुख्यालयात, स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहेत. तारीख आपण ठरवा. पावसाळ्याआधीची ठरली तर फार बरे होईल.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक परवानाधारक हौशी रेडिओचालक